अलीकडे कोणत्या कादंबऱ्या वाचल्या, सध्या काय वाचत आहात आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत काय वाचणार आहात?

आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत: अलीकडे वाचलेल्या कादंबऱ्या, सध्या हातात असलेले पुस्तक आणि येत्या उन्हाळ्याचा बेत. तिन्हींचे उत्तर देतो, पण आधी एक गोष्ट सांगणे भाग आहे, कारण पुढे येणारी बहुतेक नावे तिच्यामुळेच माझ्या वाचनात आली किंवा परत आली आहेत.

मी सातारा जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवतो. गेल्या दिवाळीनंतर माझ्या आईच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. ती ७४ वर्षांची आहे आणि रोज थोडे तरी वाचल्याशिवाय तिला झोप येत नाही. डॉक्टरांनी काही आठवडे डोळ्यांना ताण देऊ नका असे बजावले, तेव्हा दिवेलागणीनंतर मी तिला मोठ्याने वाचून दाखवू लागलो. तिचे डोळे आता चांगले झाले आहेत, तरीही तो क्रम आम्ही मोडलेला नाही. रोज साधारण पाऊण तास मी वाचतो आणि ती ऐकते. ऐकताना तिच्या हातात निवडायचे तांदूळ किंवा शेंगा असतात. या चार-पाच महिन्यांत मला एक गोष्ट पक्की कळली आहे की, आपल्या बोलीतल्या कादंबऱ्या नुसत्या डोळ्यांनी वाचल्या तर निम्म्याच हाती लागतात.

आम्ही सुरुवात केली ती कृष्णात खोत यांच्या ‘रिंगाण’पासून. या कादंबरीला २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तेव्हाच मी ती विकत घेतली होती आणि वीस-पंचवीस पानांनंतर बाजूला ठेवली होती. धरणामुळे गाव उठते, माणसे दूरच्या नव्या जागी जातात, एक म्हैस मात्र मागे रानातच राहते आणि काही काळाने तिला आणण्यासाठी तिचा माणूस, देवाप्पा, त्या सोडलेल्या मुलखात परत जातो, एवढेच कथानक. घटना थोड्या आहेत. माणूस आणि जनावर एकमेकांना जोखत राहतात, रान गच्च होत जाते आणि जी म्हैस कालपर्यंत दावणीची होती ती आता कुणाचीच नाही, हे हळूहळू अंगावर येते. पहिल्या वाचनात मी घटनेची वाट पाहत होतो, म्हणून मला ती संथ वाटली. मोठ्याने वाचताना लक्षात आले की ही वाक्ये चालणाऱ्या माणसाच्या श्वासाच्या लांबीची आहेत. ती घाईने वाचताच येत नाहीत.

माझ्या आईचे माहेर कोयनेच्या खोऱ्यातले. बाहेरच्या लोकांना कोयना माहीत असते ती विजेमुळे आणि ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपामुळे. आईसाठी कोयना म्हणजे धरणाच्या शिवसागर जलाशयाखाली गेलेले घर आहे. गाव उठले तेव्हा ती दहा-अकरा वर्षांची होती. तिच्या भावाच्या वाट्याला सोलापूर जिल्ह्यातली जमीन आली. पाऊस आणि गवत यांत वाढलेली जनावरे त्या कोरड्या मुलखात जगवता येणार नाहीत म्हणून बरीचशी निघण्यापूर्वीच मिळेल त्या किमतीला विकली गेली. हे सगळे मी लहानपणापासून तुकड्यातुकड्याने ऐकले होते. ‘रिंगाण’ वाचताना एका संध्याकाळी, देवाप्पा म्हशीला साद घालत फिरतो आहे अशा ठिकाणी, आईने तांदळातला हात थांबवला आणि म्हणाली, “म्हशीला नाव कळत न्हाय बाळा, हाक कळती. आमच्या दादाची हाक निराळी हुती.” मग तिने ती हाक मारून दाखवली. घशातून निघून शेवटी वर चढणारी, शब्द नसलेली. साठ वर्षांहून अधिक काळ ती तिच्याजवळ होती आणि मी ती कधी ऐकली नव्हती. त्या दिवशी आम्ही पुढे वाचले नाही.

यानंतर साहजिकच आनंद यादव यांची ‘गोतावळा’ घेतली. ती १९७१ सालची. नारबा हा शेतावर राबणारा गडी स्वतःच आपली कहाणी सांगतो, तीही सुरुवातीपासून शेवटपर्यंत कोल्हापूरकडच्या बोलीत. मालकाच्या शेतावर ट्रॅक्टर येतो आणि ज्या बैलांच्या, गाई-म्हशींच्या, कोंबड्या-कुत्र्यांच्या संगतीत नारबाचे आयुष्य गेले तो सगळा गोतावळा उणा होत जातो. महाविद्यालयात असताना ही कादंबरी मी परीक्षेसाठी वाचली होती आणि ‘यंत्रयुग विरुद्ध कृषिसंस्कृती’ अशा मथळ्याखाली तिच्यावर दोन पाने लिहून मोकळा झालो होतो. आता वाटते की त्या मथळ्याने कादंबरीवर अन्यायच केला. नारबा कोणत्याही युगाविरुद्ध काही मांडत नाही. तो एकेका जनावराचा स्वभाव सांगतो, कोण वैरणीसाठी कसे हंबरते, कोणाला पाठीवरून हात फिरवलेला चालत नाही, आणि त्या तपशिलाच्या ओझ्यानेच आपण हळवे होतो. व्हय, न्हाय, हितं, तकडं ही रूपे छापील पानावर नजरेला अडतात. तोंडातून बाहेर पडली की ती वाट मोकळी करून देतात.

विश्वास पाटील यांची ‘झाडाझडती’ मी तिसऱ्यांदा वाचली. माझी जुनी प्रत कोणीतरी नेली ती परत आलीच नाही. यंदा जानेवारीत साताऱ्यात ९९ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन पाटील यांच्याच अध्यक्षतेखाली भरले, तेव्हा तिथल्या ग्रंथप्रदर्शनात नवी प्रत घेतली. या कादंबरीला १९९२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेला आहे आणि धरणग्रस्तांवरची कादंबरी म्हटले की आजही पहिले नाव तिचेच निघते. लेखक स्वतः महसूल प्रशासनात होते, त्यामुळे संपादनाची नोटीस, मोबदल्याचा हिशेब, सातबाऱ्यावरची नावे, लाभक्षेत्रातली जमीन दाखवताना होणारी फसवणूक हे सारे त्यांनी आतून पाहून लिहिले आहे. तिचे बळ तिथेच आहे. माझ्या मते तिची मर्यादाही तिथेच आहे, कारण काही प्रकरणांत अन्यायांची रास इतकी उंच होते की माणसे तिच्यामागे दिसेनाशी होतात. ‘रिंगाण’मधली एकटी म्हैस मला विस्थापनाबद्दल जे सांगून गेली, ते इथे पुष्कळ पानांनंतर हाती लागते. आईचे मत वेगळे आहे. तिच्या मते हीच खरी गोष्ट, कारण कचेरीच्या पायऱ्यांवर दिवसच्या दिवस बसलेले आपले वडील तिला इथे भेटले. निम्म्यावर आल्यावर मात्र तिने दोन दिवस वाचन थांबवायला सांगितले.

त्या दोन दिवसांत मी एकट्याने व्यंकटेश माडगूळकर यांची ‘सत्तांतर’ पुन्हा वाचली. वानरांच्या टोळ्यांमधला सत्तेचा झगडा, बस्स. लहानशी कादंबरी आहे, एका बैठकीत होते. एकही विशेषण जास्तीचे नाही. नंदा खरे यांची ‘उद्या’ही मी एकट्यानेच वाचली. हिला २०२० चा साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाला होता आणि खरे यांनी तो नम्रपणे नाकारला होता. माणसावरची अखंड पाळत आणि नफ्याच्या हातात गेलेले जगणे यांबद्दल इतक्या अभ्यासाने लिहिलेली दुसरी मराठी कादंबरी माझ्या वाचनात नाही. पण ती कानाची कादंबरी नव्हे. थांबून, मागे जाऊन, पुन्हा वाचायची आहे.

सध्या हातात आहे ती देविदास सौदागर यांची ‘उसवण’, २०२४ ची साहित्य अकादमी युवा पुरस्कारप्राप्त. एक शिंपी, बाजारात आलेले तयार कपडे आणि बदलत गेलेले गाव यांची ही गोष्ट आहे. मी अजून निम्म्यापर्यंतच पोहोचलो आहे, म्हणून अंतिम मत देत नाही. एवढे नक्की सांगतो की शिवणकामाचा धागा लेखकाने रूपक म्हणून वरून चिकटवलेला नाही. माप घेणे, बेतणे, टाचणे, उसवणे या क्रियांमधूनच तो माणूस जगाकडे पाहतो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक शिंपीकाका बसत असत. शाळा सुरू होण्यापूर्वीच्या पंधरवड्यात त्यांच्या यंत्राचा आवाज रात्री उशिरापर्यंत येत असे आणि गणवेशाच्या चड्डीला ते आत चार बोटे कापड जास्त सोडत, म्हणजे पुढच्या वर्षी उसवून लांबी वाढवता येई. पुस्तकाचे नाव पाहिल्यावर आईला आधी ती चार बोटे आठवली. त्यातली बोली मला बोलता येत नाही आणि माझे उच्चार चुकतात. तरीही दोन-तीन दिवसांत कान सरावला आणि आता संवादांचा अर्थ विचारावा लागत नाही.

आता सुट्टीबद्दल. एप्रिलअखेरपर्यंत उत्तरपत्रिका आणि निकाल यांतून डोके वर निघत नाही. मेच्या पहिल्या आठवड्यापासून जूनच्या मध्यापर्यंतचा काळ तेवढा आपला. त्यासाठी श्री. ना. पेंडसे यांची ‘तुंबाडचे खोत’ राखून ठेवली आहे. दोन जाडजूड खंड, १९८७ साली आलेले, जगबुडी नदीच्या काठावरच्या एका खोत घराण्याच्या चार पिढ्यांचे. शाळा चालू असताना मी तिला दोनदा हात घातला आणि दोन्ही वेळा नात्यांचा गुंता डोक्यातून निसटला. अशी कादंबरी सलग दिवसांवरच वाचायला हवी, म्हणून यंदा दुपारची वेळ तिच्यासाठी ठेवली आहे आणि वहीच्या मागच्या पानावर वंशावळ लिहीत जाणार आहे. ही मी स्वतःपुरती वाचणार आहे.

संध्याकाळसाठी उद्धव शेळके यांची ‘धग’ ठरली आहे. १९६० सालच्या या कादंबरीतली कौतिक विसाव्या वर्षी मला भेटली होती. नवरा काही करीत नाही, दारिद्र्य संपत नाही आणि ही बाई संसार ओढत राहते, एवढे लक्षात राहिले. वऱ्हाडी बोलीमुळे बाकीचे पुष्कळ सुटले. आता ती मोठ्याने वाचायची. वऱ्हाडी उच्चारांसाठी अमरावतीकडच्या माझ्या एका सहकारी बाईंना मी विनंती केली आहे. सुट्टीत गावी जाण्यापूर्वी त्या पहिली काही पाने माझ्या फोनवर ध्वनिमुद्रित करून देणार आहेत, म्हणजे चाल कानात बसेल.

ही कल्पना मला सुचली ती उमा कुलकर्णी यांच्या कामाच्या पद्धतीवरून. त्यांचे पती विरूपाक्ष कन्नड पुस्तक मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रित करीत आणि उमाताई ते ऐकून मराठीत उतरवीत. एस. एल. भैरप्पा यांच्या कितीतरी कादंबऱ्या मराठी वाचकांच्या घरात आल्या त्या याच वाटेने; ‘वंशवृक्ष’च्या अनुवादासाठी त्यांना साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कारही मिळाला. गेल्या सप्टेंबरात भैरप्पा गेले. तेव्हापासून ‘पर्व’ पुन्हा वाचावी असे मनात आहे. महाभारतातील चमत्कार दूर सारून हाडामांसाची, थकलेली, म्हातारी होत चाललेली माणसे दाखवणारी ती कादंबरी आईने ऐकावी असे मला वाटते. पण ती मोठी आहे आणि सुट्टी सहा आठवड्यांची आहे, तेव्हा ‘पर्व’ पावसाळ्यात जाईल.

आपण नव्याने सुरुवात करणार असाल आणि घरात ऐकणारे एक जरी माणूस असेल, तर ‘गोतावळा’पासून करा. ‘रिंगाण’ दुसरी. एकटेच वाचणार असाल तर मात्र ‘सत्तांतर’ आधी घ्या.

बेतात एक बदल झाला आहे, तोही लिहितो. आईचे दादा, म्हणजे माझे थोरले मामा, मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सोलापूरकडून आमच्याकडे राहायला येणार आहेत. ते ८१ वर्षांचे आहेत, कानाने थोडे कमी ऐकतात, आणि निघण्याच्या आदल्या दिवशी जनावरे बाजाराकडे हाकत नेली होती ती त्यांनीच. ते असतील तोवर ‘धग’ थांबवून ‘रिंगाण’ पुन्हा पहिल्या पानापासून वाचायची, असे आईने मला न विचारताच ठरवून त्यांना फोनवर सांगूनही टाकले आहे. मी त्यांच्या उजव्या बाजूला, जवळ बसून वाचणार आहे.