शब्दांची विचारपूस : पानिपत, संक्रांत आणि मातेरं

प्रश्न : गारपिटीत आमची द्राक्षबाग गेली. ‘बागेचं पानिपत झालं’ असं मी लिहिलं, तर वडील म्हणाले, ‘संक्रांत आली’ म्हण. लढाई संक्रांतीलाच झाली, म्हणून दोन्ही एकच, असं ते म्हणतात. खरं का?
– वाचक, निफाड

उत्तर : लढाई 14 जानेवारी 1761 ची, म्हणून ही समजूत घट्ट बसली. पण त्या साली संक्रांत 14 ला नव्हतीच. मकरसंक्रांत साधारण 72 वर्षांत एक दिवस पुढे सरकते. विवेकानंदांचा जन्म 12 जानेवारी 1863 चा, आणि तो दिवस संक्रांतीचा. 1761 मध्ये ती त्याच्याही आधी, 10 तारखेच्या आसपास होती. लढाईची तिथी पौष शुद्ध अष्टमी, शके 1682, बुधवार. तोवर संक्रांत उलटून गेली होती.

‘संक्रांत येणे’ पंचांगातून आलं. तिथे दरवर्षी संक्रांतीचं वाहन, वस्त्र, शस्त्र दिलेलं असतं. ती जिकडे बघते तिकडे पीडा, अशी धारणा. ‘यंदा संक्रांत कशावर आहे?’ हे आजही घराघरांत विचारतात. म्हणून संक्रांत कशा‘वर’ तरी येते : बागेवर, नोकरीवर.

पानिपत मात्र कुणा‘चं’ तरी होतं, आणि ज्याचं होतं तो आधी लढलेला असावा लागतो. पक्षाचं, संघाचं पानिपत शोभतं. बाग गारांशी लढत नाही, तेव्हा वडिलांचा शब्द तुमच्यापेक्षा बरा.

त्याहून नेमके शब्द शेतातच आहेत. मंडप कोसळून वेली आडव्या झाल्या असतील तर ‘बाग भुईसपाट झाली’. मणी फुटून घड चिखलात गेले असतील तर ‘मातेरं झालं’. मातेरं म्हणजे खळ्यावर मातीत मिसळलेलं धान्य. माल हाताशी आलेला असताना मातीत गेला, हे त्यात आपोआप येतं. ‘गाढवाचा नांगर फिरवला’ इथे नको. आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने 1630 च्या सुमारास पुणे जाळून तसा नांगर फिरवला, असं सांगतात. तिथे वस्ती पुन्हा उठू नये म्हणून कुणीतरी मुद्दाम केलेला नाश असतो.

बागलाणाकडे ‘वाटोयं’ ऐकाल. ते ‘वाटोळं’च, अहिराणीत ‘ळ’चा ‘य’ होतो. तिकडच्या माणसाचं बोलणं लिहाल तेव्हा तो ‘य’ तसाच ठेवा.