घर गहाण ठेवून मुलीचा रेसिंग सीझन करावा का?

प्रश्न थोडक्यात असा. कराडच्या वाचकांचं ऑटो पार्ट्सचं दुकान आहे, वय ५०. मुलगी २० वर्षांची, मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला. लहानपणापासून कार्टिंग, गेली दोन वर्षं देशातल्या टूरिंग कार शर्यती (रोजच्या वापरातल्या गाड्यांवरून बनवलेल्या रेस गाड्यांच्या). आता ब्रिटनमधल्या एका सीझनसाठी ४० लाख हवेत आणि बँक राहत्या घरावर तेवढं कर्ज द्यायला तयार आहे. घ्यावं का?

घेऊ नका. पोरीच्या हाताबद्दल मला शंका नाही, पण या खेळात वेग आणि सीट, म्हणजे संघाच्या गाडीतली जागा, यांचा हिशेब वेगवेगळा चालतो. कॉलिन टर्किंग्टन २००९ मध्ये ब्रिटिश टूरिंग कार चॅम्पियन झाला. त्यानंतर मुख्य प्रायोजकाने हात काढून घेतला आणि पुढच्या वर्षी किताब राखायला त्याच्याकडे पूर्ण सीझनची गाडीच नव्हती. पुढे त्याने आणखी तीन किताब जिंकले, म्हणजे माणूस कच्चा नव्हता. चॅम्पियनची ही गत, तर नवख्या मुलीला एका सीझननंतर पगारी सीट मिळेल हे गृहीत धरून घर गहाण कसं ठेवायचं? तिथेही बहुतेक ड्रायव्हर स्वतःच पैसे आणून गाडीत बसतात.

आता आकडे. ४० लाख, १० टक्के व्याज, १५ वर्षं: महिन्याला सुमारे ४३ हजारांचा हप्ता, एकूण परतफेड ७७ लाखांच्या पुढे, आणि शेवटचा हप्ता तुमच्या पासष्टीला. शिवाय पैसे एकाच आर्थिक वर्षात परदेशी पाठवलेत, तर पहिल्या १० लाखांवरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस (आगाऊ कापून घेतलेला कर) घेते, म्हणजे ३० लाखांवर ६ लाख. शर्यत शिक्षणात धरली जात नाही, त्यामुळे शिक्षणासाठीच्या रकमेला मिळणारी सवलत इथे नाही. विवरणपत्र भरल्यावर हे पैसे वळते होतात, पण तोवर ४० नव्हे, ४६ लाख उभे करावे लागतात. दुकानाचं खेळतं भांडवल त्यात अडकलं तर माल भरणार कशातून?

माझं मत असं की अजून एक वर्ष इथेच काढावं. कोईम्बतूरचा करी मोटर स्पीडवे आणि चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक, दोन्हीकडे तिला शिकण्यासारखं भरपूर आहे. त्यासाठी दुकानाच्या नफ्यातून, गेले तर गेले म्हणता येईल एवढेच पैसे बाजूला काढा. आणि या वर्षात मुलीने स्वतः प्रायोजक शोधावेत. कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या फाउंड्र्या आहेत, तुमच्या दुकानाला माल देणारे वितरक आहेत. गाडीवर नाव लावण्यापेक्षा आपल्या डीलरांना ट्रॅकवर नेऊन मान देता येतो, यात त्यांना जास्त रस असतो. परक्या माणसाकडून पाच लाख आणता आले, तर तिचं करिअर उभं राहण्याची ती पहिली खरी खूण. डिग्री मात्र सोडू देऊ नका. डेटा इंजिनिअर, रेस इंजिनिअर म्हणून याच पिटलेनमध्ये पगार मिळतो.

या वर्षी संघाशी करार कराल तेव्हा एक कलम बारकाईने वाचा: अपघातात गाडीचं नुकसान झालं तर बिल कोणाच्या नावे? एंट्री फीमध्ये ते बहुधा धरलेलं नसतं. नेहमीच्या अपघात विम्यातूनही शर्यत सहसा वगळलेली असते, तेव्हा मुलीची पॉलिसी उघडून तेही आजच तपासा.