ठाण्यात पावसाळ्यात डेंड्रोबियम ऑर्किडचे कोंब काळे पडून कुजतात, बाविस्टिन मारूनही थांबत नाही. काय करावं?

बाविस्टिन, म्हणजे कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक, इथे चालणारच नाही. ही लक्षणं काळ्या कुजीची आहेत. ती फायटोफ्थोरा किंवा पिथियम या बुरशीसारख्या जीवांमुळे होते आणि त्यांच्यावर बाविस्टिनचा परिणाम होत नाही. कुजलेला भाग निरोगी हिरव्यापर्यंत कापा, दर कापानंतर ब्लेड आचेवर तापवा. मग मेटॅलॅक्झिल-मॅन्कोझेबची मिश्र पावडर लिटरला 2 ग्रॅम (लेबलवर वेगळं प्रमाण असेल तर तेच) पानांच्या खालूनही फवारा. डेंड्रोबियमवर तांब्याची औषधं कृपया नकोत, कोवळे कोंब करपतात. हातमोजे, मास्क, चष्मा हवाच. बंद बाल्कनीत फवारू नका. उघडीप मिळाली की कुंडी गच्चीवर न्या. लागेल तेवढंच द्रावण करा, उरलेलं मोरीत ओतू नका. पागोळ्यांखालून कुंडी हलवली नाही तर कूज परत येईल.