वाहून गेलेले बोये सांभाळतं कोण?

प्रश्न : मी दारव्हा तालुक्यात कपाशी करतो. समुद्रात हजारावर बोये (पाण्यावर तरंगणारी मोजमापाची यंत्रं) मोकळे सोडले आहेत, असं वाचलं. ते वाहून गेले की शोधून आणतात का?
– एक शेतकरी, जि. यवतमाळ

उत्तर : नाही दादा, आणत नाहीत. ते वाहून जावेत म्हणूनच सोडतात. कुठून कुठे गेले, हेच तर मोजायचं असतं. जागा आणि पाण्याचं तापमान उपग्रहामार्फत कळत राहतं.

खरी मेहनत पुढे आहे. तरंगत्या गोळ्याखाली 15 मीटर खोलीवर भोकं असलेली लांब कापडी नळी लोंबते. तिच्यामुळे बोया प्रवाहासोबत जातो. नळी तुटली, की वारा त्याला ढकलतो आणि प्रवाहाचा वेग चुकीचा निघतो. म्हणून नळी कधी तुटली, हे अमेरिकेत मायामीला बसलेली माणसं एकेका बोयाच्या नोंदींवरून ठरवतात. मी भूगोल शिकवते. हे चिकाटीचं काम मला फार मोलाचं वाटतं.

जाळं जगभर साधारण 1250 बोयांचं. हा आकडा 2005 मध्ये गाठला. बॅटऱ्या संपतात, म्हणून जहाजांवरून नवे सोडावेच लागतात. काही बोये हवेचा दाबही मोजतात, तो हवामान अंदाजाला लागतो. धूळपेरणीचा निर्णय मात्र कृषी विद्यापीठाचा सल्ला पाहूनच घ्या.