चौकटीवरची मातीची रेघ

प्रश्न : आमचं घर चिपळूणजवळ, चिऱ्याचं. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर संध्याकाळी दिव्याभोवती पाखरं जमली, सकाळी खिडकीत पंखांचा ढीग. परवा माजघराच्या चौकटीवर मातीची रेघ दिसली. सासूबाई म्हणतात, मुंग्या आहेत, झाडून टाक. ही वाळवी तर नाही?

उत्तर : ताई, रेघ अजून झाडली नसेल तर तशीच राहू द्या. वाळवी कुठून येते हे तीच दाखवते.

आधी पंख कागदावर घेऊन बघा. मुंगीचे पुढचे पंख मोठे, मागचे लहान. वाळवीचे चारही सारखे आणि अंगापेक्षा बरेच लांब. मेलेलं पाखरू मिळालं तर कंबर बघा. मुंगीची अगदी बारीक असते, वाळवीची कंबर वेगळी दिसतच नाही. पण पंख वाळवीचे निघाले म्हणून घरात वाळवी आहे असं होत नाही. परड्यातल्या वारुळातली पाखरंही दिव्याला येतात.

रेघेचं तसं नाही. पेन्सिलीएवढी जाड मातीची नळी जमिनीतून वर चढली असेल तर ती वाळवीचीच वाट. मधला बोटभर तुकडा नखाने फोडा. आत पांढरे, मऊ किडे पळताना दिसतील. नाही दिसले तर 3-4 दिवस थांबा. भोक ओल्या मातीने बुजलं तर वाट चालू आहे. नाही बुजलं तरी निर्धास्त होऊ नका, वाळवी दुसरीकडूनही वर चढते.

माझ्या आजोळी गुहागरला देवघराच्या चौकटीवर अशीच रेघ होती. मामी दर दिवाळीला ती पुसून वर तैलरंगाचा हात द्यायची. एके वर्षी मी कडी बसवायला गेले, तर स्क्रू नुसत्या बोटाने आत गेला. रंगाच्या पापुद्र्यामागे लाकूड उरलंच नव्हतं, सगळी माती. चौकट सागाची होती. सागाला वाळवी लागत नाही म्हणतात ते गाभ्यापुरतं खरं, कडेच्या पांढऱ्या लाकडाला ती लागते. म्हणून तुमची चौकट आजच पेचकसाच्या मुठीने खालपासून ठोकून बघा. पोकळ आवाज आला तिथे टोक हलकेच दाबा.

माती कुठेच नसेल, नुसत्या गोल भोकांखाली पिठासारखा भुगा पडत असेल, तर तो भुंगा. खसखशीसारखे कोरडे दाणे पडले तर सुक्या लाकडातली वाळवी. ती जमिनीतून येत नाही, तिचा उपाय वेगळा.

रॉकेल ओतू नका. समोर दिसतात तेवढेच किडे मरतात, वारूळ जमिनीत तसंच राहतं. त्यापेक्षा रेघेच्या मागे मागे खाली जा. न्हाणीची ओल, भिंतीला टेकवलेली लाकडं, झावळ्यांचा ढीग, बहुतेक तिथेच पोचाल. रेघ जमिनीत शिरते तिथे खडूने फुली मारा. औषध मारणारा आला की आधी ती दाखवा आणि भिंत व जमीन यांच्या सांध्यात भोकं पाडून औषध सोडायला सांगा. नुसती चौकट फवारून पैसे मागत असेल, तर त्याला परत पाठवा.