अट दारूला घाल, औषधाला नको

प्रिय,

तुझं पत्र मिळालं. तिसऱ्यांदा टीबीच्या गोळ्या सोडलेला पेशंट, आशाताईंना त्याने दिलेल्या शिव्या, ‘लॉस्ट टू फॉलोअप, म्हणजे उपचार सोडून गेला, असं लिही आणि मोकळी हो’ हा वरून आलेला सल्ला, सगळं ओळखीचं आहे. खटकलं ते शेवटचं वाक्य. ‘आधी दारू सोड, मग गोळ्या देते, असं सांगू का?’

नको सांगूस. औषधाला अट घालायची नाही. क्षयरोगाच्या कामात माझे केस पांढरे झाले, त्यात या एका गोष्टीवरून मी साहेबांशी भांडलो, वॉर्डातल्या सिस्टरांशी भांडलो, आणि आता तुझ्याशीही भांडणार आहे.

तू अट घातलीस आणि त्याने खरंच ऐकलं, तर काय होईल याचा विचार केलास? सकाळी उठल्याबरोबर घेणारा माणूस एकदम बंद करतो तेव्हा दिवसभरात हातपाय थरथरायला लागतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याला भिंतीवर किडे दिसतात, तो बरळतो, कधी झटके येतात. यात माणसं मरतात. घरचे म्हणतात, बाहेरचं काही लागलं. दारू सोडवायचीच असेल तर ती डॉक्टरच्या देखरेखीखाली, व्हिटॅमिन बी-1 देऊन, गरज असेल तर भरती करून. ‘सोडून ये’ हा उपचार नव्हे, हाकलण्याची सभ्य रीत आहे.

आणि तो तिकडे दारू सोडेपर्यंत त्याचा खोकला थांबणार आहे का? उपचाराविना राहिलेला एक पॉझिटिव्ह पेशंट वर्षभरात 10 ते 15 जणांना जंतू देऊ शकतो, हे तू ट्रेनिंगमध्ये पाठ केलंस. ते 10 ते 15 कोण? त्याच्याच झोपडीतली पोरं, अड्ड्यावरचे सोबती, काळीपिवळीत खेटून बसलेली म्हातारी. त्यांनी कुठे दारू घेतली होती? रोज भरपूर पिणाऱ्याला टीबीचा धोका तसाही तिपटीच्या आसपास असतो. म्हणजे पिणारे वगळले तर ज्यांच्यासाठी हा कार्यक्रम आहे तेच वगळले. मग रजिस्टर स्वच्छ राहतं, गाव नाही.

आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात 2015 मध्ये दारूबंदी आली, 2021 मध्ये उठली. शेजारी गडचिरोलीत ती 1993 पासून आहे. बंदीवर वाद घालणारे पुष्कळ आहेत, मी त्यात पडत नाही. बायकांनी ती का मागितली ते मी घराघरांत पाहिलंय. पण बंदीच्या काळात ‘घेता का?’ असं विचारलं की पेशंट तोंडावर नाही म्हणायचा. गुन्हाच होता तो, कोण कबूल करणार? केसपेपरवर सगळे निर्व्यसनी. म्हणून ‘घेता का’ विचारू नकोस. ‘शेवटची कधी घेतली?’ असं विचार, आणि उत्तर ऐकताना कपाळाला आठी नको.

आता माझी बदनामी ज्यावरून झाली ते सांगतो, कारण तुझ्या कानावर ते तिखटमीठ लावून आलंच असेल. माझी सगळ्यात भरवशाची डॉट्स प्रोव्हायडर, म्हणजे पेशंटला समोर बसवून गोळी गिळायला लावणारी, मोहाची दारू काढणारी एक बाई होती. एक पेशंट घरी कधीच सापडायचा नाही, तिच्याकडे मात्र रोज सकाळी हजर. मी गोळ्यांचा डबा तिच्याकडेच ठेवला. तिने आपला नियम केला: गोळी माझ्यासमोर गिळ, दोन तास जाऊ दे, मग भांडं भरते. वर तक्रार गेली, सरकारी औषध अड्ड्यावर ठेवलं म्हणून. मी लिहून दिलं, पेशंट जिथे आहे तिथे औषध आहे. अट घालायचीच तर ती दारूला घालावी, औषधाला नको, हे त्या बाईला शिकवावं लागलं नाही. पेशंटची थुंकी निगेटिव्ह झाली, कोर्स पुरा झाला. पुढे काही वर्षांनी तो दारूनेच गेला. मग काय मिळवलं, असं मला विचारतात. त्याची पोरं. एकालाही टीबी झाला नाही. आजही विचारलं तर मी हेच सांगेन.

‘आणि लिव्हर?’ असं तू म्हणशील. बरोबर आहे, म्हणून डोळे उघडे ठेव. या गोळ्या आणि दारू दोन्ही यकृतावर पडतात. सुरुवातीलाच रक्त तपासून घे. लघवी लाल झाली तर ती गोळीमुळे, घाबरू नकोस आणि त्यालाही घाबरू देऊ नकोस. पण डोळे पिवळे, उलट्या, अन्नावरची वासना गेली, की गोळ्या थांबवून त्याच दिवशी डॉक्टरकडे. पायांची आग होते म्हणाला तर व्हिटॅमिन बी-6 चालू आहे का बघ. एवढं बघायचं आणि औषध चालू ठेवायचं.

त्याच्या घरी ‘नकळत दारू सोडवा’वाली पूड आलीय का, ते बायकोला बाजूला घेऊन विचार. बिचाऱ्या भाजीत कालवतात. त्यात डायसल्फिरम हे दारू सोडवायचं औषध असलं आणि वर त्याने दारू घेतली तर जीव जाऊ शकतो. शिवाय डायसल्फिरम आणि टीबीच्या गोळ्यांतलं आयसोनियाझिड एकत्र गेले की डोकं फिरल्यासारखं वागणंही होतं. मग सगळे म्हणतात, टीबीच्या गोळ्यांनी वेड लागलं, आणि गोळ्या पुन्हा बंद.

निक्षयच्या, म्हणजे टीबीच्या पेशंटला सरकार पोषणासाठी देतं त्या पैशांचंही तेच. महिन्याला 500 होते, नोव्हेंबर 2024 पासून 1000 झाले. ‘पिण्यात घालवतो, बंद करा’ म्हणणारे तुला ऑफिसात भेटतील. ते त्याच्या जेवणाचे पैसे आहेत. चणे-अंडी घरात येतात का ते जाऊन बघ, बायकोशी बोल. पण पैसे अडवू नकोस. तीही अटच.

एक सल राहिली. जिल्ह्याच्या मानसोपचारवाल्या डॉक्टरांनी महिन्यातून एकदा, टीबीच्या तपासणीच्याच दिवशी तालुक्याला बसावं, एवढी साधी गोष्ट मला निवृत्तीपर्यंत जमवता आली नाही. पत्रं लिहिली, उत्तरं आली, डॉक्टर आले नाहीत. तू कंत्राटी आहेस, तुझं कोण ऐकणार, हे मला कळतं. तरी माग. लेखी माग.

आणि सोमवारी त्याच्याकडे पहाटेच जा, दहानंतर तो तुझा नसतो. तिसरी वेळ आहे, म्हणून बेडका सीबीनॅटला, म्हणजे औषधाला दाद न देणारे जंतू ओळखणाऱ्या तपासणीला पाठव. रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला दाद न देणारा टीबी निघाला तर सगळं गणितच वेगळं. शिव्या देईल, ऐकून घे, आशाताईंना मात्र एकटं पाठवू नकोस. त्याच्या बायकोचा एक्स-रे झाला का, घरात पाच वर्षांखालचं पोर आहे का, यातलं काहीच तू लिहिलेलं नाहीस. चार पानं त्याच्या दारूवर लिहिलीस. आधी ते कळव.

तुझा,
सर