चित्रपटातली चूक खरंच चूक आहे की नाही, हे वादात कसं ठरवायचं?

तुम्ही लिहिलंय की तुमचा धाकटा भाऊ प्रत्येक चित्रपटात चुका काढतो, तुम्ही दर वेळी 'कलात्मक स्वातंत्र्य' म्हणून बचाव करता, आणि 'शोले'तल्या पाण्याच्या टाकीवरून तर तुमचं कडाक्याचं भांडण झालं. माझ्या मते दोघंही घाई करताय. चूक दाखवणं हा आरोप आहे आणि तो आरोप करणाऱ्यानेच सिद्ध करायचा असतो. पण बचाव करणाऱ्यालाही 'दिग्दर्शकाची मर्जी' एवढं म्हणून सुटता येत नाही.

आधी ती टाकीच घेऊ. आरोप असा की रामगढात वीज नाही, ठाकूरच्या हवेलीत राधा रात्री दिवे विझवताना दिसते, मग वीरू ज्या टाकीवर चढून बसतो तिच्यात पाणी चढलं कसं? ऐकायला बिनतोड वाटतं. पण पाणी वर चढवायला वीज लागतेच असं नाही, डिझेल इंजिनावर चालणारे पंप तेव्हाही होते. रामगढातला पंप चित्रपटात दिसत नाही, हे मान्य. तरी न दाखवलेली गोष्ट आणि अशक्य गोष्ट या दोन वेगळ्या आहेत. तुमचा भाऊ 'दाखवलं नाही' म्हणता म्हणता 'शक्यच नाही' या निष्कर्षावर पोचतो, आणि तुम्ही त्याला तिथे न अडवता थेट कलेच्या नावाने वाद मिटवायला जाता. टाकीच्या बाबतीत आरोप टिकत नाही, एवढं पुरे आहे. तिथे स्वातंत्र्याचा मुद्दा येतच नाही.

आता याच्या उलट उदाहरण, जिथे आरोप टिकतो. 'लगान'ची गोष्ट १८९३ सालची आहे. त्या वेळी इंग्लंडमध्ये षटक पाच चेंडूंचं होतं. सहा चेंडूंचं षटक तिथे १९०० पासून आलं. चित्रपटात षटकं सहा चेंडूंची आहेत. शेवटच्या षटकाराची अडचण तर त्याहून मोठी आहे. १९१० पूर्वी चेंडू सीमारेषेपलीकडे गेला म्हणून सहा धावा मिळत नसत, तो मैदानाच्याच बाहेर जावा लागे. भुवनचा फटका कॅप्टन रसेल झेलतो, फक्त त्याचे पाय सीमारेषेच्या बाहेर असतात. म्हणजे ज्या क्षणावर सगळं थिएटर उभं राहिलं, तो त्या काळच्या नियमाने षटकार नव्हता.

इथे बचाव करणारे म्हणतात की छावणीतला खाजगी सामना होता, नियम आपसात ठरवले असतील. तुम्हीही कदाचित तेच म्हणाल. मला हा बचाव पटत नाही, कारण 'लगान' नियमांना हलकं घेणारा चित्रपट नाही. भुवनच्या संघातला गोली हात गरागरा फिरवून चेंडू टाकतो तेव्हा इंग्रज आक्षेप घेतात आणि पंचांना त्यावर निर्णय द्यावा लागतो. त्यातलं सगळं नाट्य नियमांच्या चौकटीतच घडतं. जो चित्रपट स्वतः नियम काढून बसतो, त्याला नियमांनीच मोजायला हवं. तेव्हा ही खरी तथ्याची चूक आहे. तिने चित्रपट वाईट ठरतो का? अजिबात नाही. मला तो शेवट आजही तितकाच आवडतो. पण आवडतो म्हणून चूक नाकारायची, हे मला अप्रामाणिक वाटतं.

याच कसोटीवर 'अमर अकबर अँथनी' पूर्णपणे सुटतो. सुरुवातीच्या प्रसंगात तीन मुलगे एकाच वेळी आईला रक्त देतात, तिघांचं रक्त नळ्यांतून वर चढून एका बाटलीत जमतं आणि तिथून थेट आईच्या शरीरात उतरतं. वैद्यकशास्त्रात याला जागा नाही. पण चित्रपटाने पहिल्या काही मिनिटांतच सांगून टाकलंय की इथे योगायोगांचं राज्य आहे. त्यानंतर हिमोग्लोबिनचा हिशेब मागणं म्हणजे नसलेल्या वचनाची वसुली करणं. प्रत्येक चित्रपट प्रेक्षकाला कसलं तरी वचन देतो आणि ते चित्रपटागणिक वेगळं असतं. म्हणून सगळ्यांना एकच काटा लावता येत नाही.

ऐतिहासिक चित्रपटांत हे फार नाजूक होतं. 'बाजीराव मस्तानी' २०१५ मध्ये आला तेव्हा काशीबाई आणि मस्तानी यांना 'पिंगा'वर एकत्र नाचवल्याबद्दल मराठी प्रेक्षकांनी केवढा संताप व्यक्त केला होता, आठवतंय ना? त्या संतापाचं कारण मला समजतं. पण त्याला 'चूक' म्हणणं मला बरोबर वाटत नाही. चूक अजाणता होते, हा तर जाणून घेतलेला निर्णय होता. चित्रपटाचा आधार ना. सं. इनामदारांची 'राऊ' ही कादंबरी होती आणि त्यानंतरची भर निर्मात्यांची. निर्णय अयोग्य होता, एका खऱ्या बाईच्या प्रतिष्ठेला तो शोभणारा नव्हता, असा वाद जरूर घालावा. तो जास्त महत्त्वाचा वाद आहे आणि त्याचे प्रश्नच वेगळे आहेत. 'संशोधन कमी पडलं' या सदरात तो टाकला की दिग्दर्शकाला फार स्वस्तात सोडल्यासारखं होतं.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती आरोप करणाऱ्याचंच ज्ञान चुकलेलं असतं अशा प्रसंगांची. '२००१: अ स्पेस ओडिसी' (१९६८) मध्ये अंतराळवीर बोमन हेल्मेटशिवाय काही क्षण निर्वात पोकळीत येतो आणि वाचतो. 'माणूस फुटेल, रक्त उकळेल' म्हणून या दृश्याला अनेक जण हसतात. १९६६ मध्ये नासाच्या निर्वात कक्षात चाचणी चालू असताना जिम लेब्लँक या तंत्रज्ञाच्या पोशाखाची नळी निसटली. सुमारे १४ सेकंदांत त्याची शुद्ध हरपली. कक्षात लगेच हवा सोडली गेली आणि तो सुखरूप वाचला. जिभेवरची लाळ उकळत असल्याचं जाणवलं, ही त्याची शेवटची आठवण. म्हणजे काही सेकंद जगणं शक्य आहे आणि ते दृश्य मुळात बरोबर आहे. चूक आहे ती दुसरीकडे. बोमन यानाचं दार उडवण्याआधी श्वास रोखून धरतो. निर्वातात छातीतली हवा प्रसरण पावते आणि फुप्फुसं फाटू शकतात, त्यामुळे श्वास सोडून द्यायला हवा होता. एकाच दृश्यात गाजलेला आरोप खोटा आणि ज्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही तो खरा! असं काही हाती लागलं की मला मनापासून आनंद होतो. भावाला हे दृश्य जरूर दाखवा.

'अपोलो १३'चा (१९९५) दिग्दर्शक रॉन हॉवर्ड एक किस्सा सांगतो. प्रदर्शनाआधीच्या खेळाला आलेल्या एका प्रेक्षकाने अभिप्रायात वैतागून लिहिलं होतं की हा ठरावीक हॉलिवूडी शेवट आहे, प्रत्यक्षात ही माणसं वाचलीच नसती. ती प्रत्यक्षात वाचली होती, तोच तर चित्रपटाचा विषय! 'असं होणं शक्य नाही' हे आपल्याला वाटणं हा पुरावा नव्हे, हे मला या किस्स्याइतकं स्पष्टपणे दुसऱ्या कशाने कळलेलं नाही.

कंटिन्युइटीच्या, म्हणजे एका शॉटमधले तपशील पुढच्या शॉटशी न जुळण्याच्या, चुकांचं गणित निराळं आहे. पेल्यातलं पाणी एका शॉटमध्ये अर्धं आणि पुढच्यात काठोकाठ, सिगारेट लहान होऊन पुन्हा मोठी, केसांची बट कधी कानामागे तर कधी पुढे. दृश्यं कथेच्या क्रमाने चित्रित होत नाहीत. एकाच संवादाचा लाँग शॉट सकाळी आणि क्लोज-अप दुपारी घेतलेला असू शकतो, आणि प्रत्येकाचे अनेक टेक असतात. या सगळ्यावर नजर ठेवायला सेटवर स्क्रिप्ट सुपरवायझर असतो. तो कोणता हात कोणत्या शब्दावर वर गेला इथपर्यंत नोंदी ठेवतो. तरीही जुळत नाही, कारण बऱ्याचदा संकलकाला ते जुळवायचंच नसतं. वॉल्टर मर्च या नामवंत संकलकाने कट कुठे करावा याचे सहा निकष दिले आहेत. त्यात भावनेला ५१ टक्के वजन आहे आणि जागेच्या त्रिमितीय सातत्याला सगळ्यात कमी, फक्त ४ टक्के. चौथ्या टेकमध्ये नटीच्या डोळ्यांत खरं पाणी आलं असेल आणि त्यात पेला चुकीच्या हातात असेल, तर संकलक तोच टेक घेतो. मीही तोच घेतला असता.

आणि प्रेक्षकाला ते कळतही नाही. डॅनियल लेव्हिन आणि डॅनियल सायमन्स या मानसशास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दोन मैत्रिणींच्या संभाषणाची एक छोटी फिल्म होती. तिच्यात त्यांनी मुद्दाम ९ बदल पेरले होते. पहिल्यांदा पाहणाऱ्या १० जणांपैकी फक्त एकाला काहीतरी बदलल्यासारखं वाटलं. तेव्हा पेल्याकडे बोट दाखवून 'किती निष्काळजी लोक' म्हणणाऱ्याला एवढंच विचारा की हे पहिल्यांदा पाहताना दिसलं की यादी वाचून पुन्हा पाहताना?

चाहत्यांच्या सारवासारवीवर मात्र तेवढाच संशय ठेवा. यासाठी मी एक प्रश्न विचारतो: बचावाचा पुरावा तक्रारीच्या आधीचा आहे की नंतरचा? 'स्टार वॉर्स'मध्ये (१९७७) हान सोलो फुशारकी मारतो की त्याच्या यानाने 'केसेल रन' ही अंतराळातली अवघड फेरी बारा पार्सेकच्या आत पूर्ण केली. पार्सेक हे अंतराचं एकक आहे, सुमारे ३.२६ प्रकाशवर्षं, वेळेचं नाही. २०१८च्या 'सोलो' चित्रपटात याचं स्पष्टीकरण आलं की त्याने धोकादायक जवळची वाट धरली होती, म्हणून अंतर कमी पडलं. हे चार दशकांनंतर लावलेलं ठिगळ आहे आणि बचाव म्हणून मी ते धरत नाही. पण मूळ पटकथेत, चित्रीकरणापूर्वीच, सूचना होती की सोलोच्या या उघड थापेवर समोर बसलेला बेन प्रतिक्रिया देतो. हा पुरावा तक्रार जन्माला येण्याआधीचा आहे. थापाड्या पात्राने थाप मारली, लेखकाला ते माहीत होतं, प्रकरण संपलं.

'द शायनिंग'मध्ये (१९८०) हीच कसोटी अर्धी लागू पडते. हॉटेल व्यवस्थापकाच्या कार्यालयाला खिडकी आहे, पण इमारतीच्या आराखड्यात ती तिथे असूच शकत नाही. चित्रपटाचे कार्यकारी निर्माते यान हारलान यांनी सांगितलंय की आतली रचना बाहेरच्याशी जुळू नये असाच हेतू होता. खिडकीचा मुद्दा मी मानतो. चित्रपटाचा नायक जॅक टाइप करत असताना त्याच्यामागची खुर्ची एका शॉटमध्ये गायब होते, तिच्यावरही लोकांनी पानंच्या पानं लिहिली आहेत. तिथे मला साधी कंटिन्युइटीची चूक जास्त संभवनीय वाटते. दिग्दर्शक कुब्रिक काटेकोर होता म्हणून त्याच्याकडून खुर्ची हलणारच नाही, हा भक्तिभाव झाला. त्याने वाद पुढे सरकत नाही.

वाद सुरू करण्याआधी दोघं एकच आवृत्ती पाहताय ना, हेही तपासा. 'टायटॅनिक'मध्ये (१९९७) रोझ फळीवर पडून आकाशाकडे पाहते तेव्हाचे तारे चुकीचे होते, आकाशाचा एक अर्धा भाग दुसऱ्याचं प्रतिबिंब होता. खगोलशास्त्रज्ञ नील डीग्रास टायसनने ते दाखवून दिलं आणि २०१२च्या त्रिमितीय आवृत्तीत दिग्दर्शक कॅमेरॉनने तो शॉट दुरुस्त केला. 'गेम ऑफ थ्रोन्स' या मालिकेच्या शेवटच्या मोसमात मेजवानीच्या टेबलावर राहिलेला कॉफीचा कप काही दिवसांतच पुसला गेला. आज पाहणाऱ्याला या दोन्ही चुका सापडणार नाहीत आणि तो तुम्हाला खोटारडं ठरवेल. कधी आवृत्तीच चूक निर्माण करते. 'पी-वीज बिग अॅडव्हेंचर'मध्ये (१९८५) सायकलच्या छोट्याशा कप्प्यातून लांबच लांब साखळी निघते. थिएटरमध्ये चौकटीचा खालचा भाग झाकलेला होता म्हणून गंमत साधली. जुन्या टीव्हीच्या चौकोनी आकारासाठी व्हिडिओ कॅसेटवर तो भाग उघडा पडला आणि साखळी खालून आत सोडलेली स्पष्ट दिसू लागली. ती चूक दिग्दर्शकाच्या नावावर टाकणं अन्यायाचं आहे.

म्हणून भावाला सांगा, दाव्याबरोबर आवृत्ती आणि मिनिट दे, नाहीतर निदान फ्रेम दाखव. 'द विझार्ड ऑफ ऑझ'मध्ये (१९३९) मागच्या झाडीत एक माणूस फास लावून लटकताना दिसतो, ही अफवा वर्षानुवर्षं अंधुक कॅसेटींच्या जोरावर टिकून होती. स्वच्छ केलेल्या प्रिंटमध्ये थांबवून पाहिलं की तो सेटवर मोकळा सोडलेला एक मोठा पक्षी आहे, पंख उघडतो आणि मिटतो.